एका आवृत्तीपायी

जगात एवढा राग मला दुसऱ्या कोणाचाच आलेला नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी जळगावच्या वसतिगृहात राहत होतो आणि माझ्याच खोलीत वरच्या वर्गातला हा मुलगा होता, ज्याला सगळे भाऊ म्हणायचे. कॉलेजच्या लॅबमधल्या लिनक्ससाठी पॅकेजं बांधायचं, म्हणजे प्रोग्राम तिथे बसवता येतील असे तयार करायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. कुठल्या तरी परदेशी माणसाने आपल्या प्रोग्रामची नवी आवृत्ती काढली, की ती आमच्या लॅबमध्ये आलीच पाहिजे. धुळ्याचा त्याचा मावसभाऊ ती इंटरनेटवरून फ्लॉप्यांवर उतरवून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा आणि हा भरलं ताट सोडून स्टँडवर धावायचा. फ्लॉपी खराब निघाली की कंडक्टरशी भांडण. पॅकेज बांधून होईपर्यंत त्याहून नवी आवृत्ती निघालेली असायची, मग भिंतीकडे बघत त्या परदेशी लेखकाशी अहिराणीत भांडण: "हाऊ माणूस रातले निजस का नही रे?"

मी आमच्या एरंडोल स्टँडच्या गाड्यांचं वेळापत्रक दाखवणारा प्रोग्राम केला होता. "भाऊ, माझी परीक्षा होईपर्यंत काही बदलू नको," असं त्याला सांगितलंही होतं, कदाचित फार हळू आवाजात. परीक्षेच्या सकाळी लॅबमध्ये प्रोग्राम सुरूच होईना. तो ज्या लायब्ररीच्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, आधारावर चालायचा, तिची नवी आवृत्ती भाऊने आदल्या संध्याकाळी बसवली होती.

"जुनी परत टाक!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदाच कोणावर तरी ओरडलो असेन.

"मांगे जावानं नही! जुनीमा चूक शे. तू तुना प्रोग्राम सुधार."

"दुपारी परीक्षक येतील! आमचे नाना गावाहून आलेत, पोरगा इथे काय करतो ते पहिल्यांदा बघायला. त्यांना काय दाखवू, तुझी आवृत्ती?"

त्याने दाराबाहेर पाहिलं. माझे वडील धुतलेली टोपी घालून, गुडघे जुळवून बाकावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कपाटातून जुन्या फ्लॉप्या काढून, कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून, भाऊने एकेक आत सरकवली.

परीक्षा पार पडली. पडद्यावर एरंडोलची गाडी बघून नाना कितीतरी वेळ मान हलवत राहिले. मग भाऊकडे वळले.

"जुनं बी चांगलं चालस की भाऊ. मंग नवं कसाले?"

या प्रश्नावर तो प्राचार्यांशीही भांडला असता. पण तो वाकून नानांच्या पाया पडला. "बरोबर शे, नाना," म्हणाला.

नाना गेले आणि त्याने लगेच नवी आवृत्ती परत चढवली.

आता कॉम्प्युटर न विचारता आपलं आपणच नवं उतरवून घेतात. काही बिघडलं की मी अजून तसाच चिडतो. पण समोर भांडायला कोणी नसतं, आणि कोणासाठी तरी मागे फिरणारंही कोणी नसतं.