तहानेवर बोलायचं होतं

सुनंदाताई ग्रेडिंगच्या टेबलाजवळ कोसळल्या, तेव्हा मी चार हातांवर उभा होतो. हातात मोबाइल होता. मोबाइलवर दुसऱ्या दिवशीच्या उपासनेसाठी लिहिलेलं भाषण होतं. विषय तहान.

हे आधीच सांगून टाकतो. नंतर धीर होणार नाही.

रत्नागिरीजवळच्या एका आंबा पॅकहाऊसमध्ये मी सुपरवायझर आहे. बागेतून आलेला हापूस आम्ही आधी गरम पाण्यात बुडवून काढतो, फळमाशीची अंडी मरावीत म्हणून. मग बायका तो टेबलावर निवडतात आणि वजनाप्रमाणे वेगळा करतात. हेच ग्रेडिंग. माल परदेशात जातो, त्यामुळे नियम कडक. डोक्याला टोपी, हातांत मोजे, अंगावर ॲप्रन. टेबलावर पाण्याची बाटली चालत नाही. पाणी प्यायचं तर सगळं उतरवून शेडबाहेर जायचं. परत येताना हात धुऊन सगळं पुन्हा चढवायचं.

सीझनमध्ये आम्हाला रविवार नसतो. यंदा माल लवकर सुरू झाला आणि माझं चर्चला जाणं बंद झालं. माझी बायको रूथ एकटीच जायची. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाळकसाहेबांनी 'मला तहान लागली आहे' हा उद्गार मला दिला. इतक्या उपासना चुकवल्यावर नाही म्हणायला तोंड नव्हतं. कामात फट मिळेल तिथे मी भाषण लिहीत होतो. चांगलं जमत होतं, असं मला वाटत होतं.

गुरुवारी दुपारी विमानाच्या मालाची गाडी मुंबईला निघायची होती. वर तापलेला पत्रा, बाजूला गरम पाण्याच्या टाकीची वाफ. सुनंदाताईंनी मोजे काढायला घेतले.

"साहेब, जरा पाणी पिऊन येऊ काय?"

"गाडी भरू दे ना ताई. एवढं उरकलं की सगळेच जाऊ."

मी हे अगदी गोड आवाजात म्हणालो. त्यांनी मोजे परत चढवले. मी भाषणाच्या शेवटाकडे वळलो, आणि थोड्या वेळाने त्या पडल्या.

आम्ही त्यांना उचलून बाहेर सावलीत आणलं. तोंडावर पाणी मारलं. त्यांनी डोळे उघडले, पण शब्द फुटेना. त्या मिनिटांत मी केलेली प्रार्थना भाषणातल्या प्रार्थनेसारखी मुळीच नव्हती. "प्रभू, हिला उठव" एवढंच पुन्हा पुन्हा.

जवळचे डॉक्टर आले. त्यांनी तपासलं, मीठसाखरेचं पाणी घोटघोट पाजायला लावलं. "अंगातलं पाणी कमी झालंय. बऱ्या होतील. पण या पाणी कधी प्यायल्या होत्या?"

मग लीलाआक्का बोलली. ती लाइनवरची सगळ्यात जुनी.

"सकाळी घरात प्यायली असंल तेवढंच. कामावर आम्ही कोण पीतच नाय."

"का? नियमामुळे?" मी विचारलं.

"नियमाचं काय घेऊन बसलात! पाणी प्यायलं की बाहेर जावं लागतं. बाहेर गेलं की परत येताना तुमचं तोंड बघावं लागतं."

"माझं तोंड? मी कधी कोणाला ओरडलोय का आक्का?"

"ओरडला असतात तर बरं झालं असतं. घरात आरसा नाय काय तुमच्या?"

दोघीतिघी हसल्या. सुनंदाताईही पडल्या पडल्या हसल्या. मला त्या हसण्याने बरं वाटलं आणि लाजही वाटली.

मी आत जाऊन लाइन बंद केली आणि सगळ्यांना पाण्याला पाठवलं. काम थांबल्याचं कळताच मालक, म्हणजे आमचे अण्णा, धावत आले.

"अरे, लाइन कोणी थांबवली?"

"मी."

"विमान थांबणाराय काय तुझ्यासाठी?"

"नाही अण्णा. जेवढा माल तयार आहे तेवढा पाठवा. उरलेला उद्याच्या गाडीने."

"आणि पार्टीला काय सांगू?"

"बाई पडली म्हणून सांगा. खरंच पडलीय."

अण्णांनी बाहेर जाऊन सुनंदाताईंना पाहिलं. मग स्वतःच पार्टीला फोन लावला. गाडी अपुरी गेली. रागाने ते दोन-तीन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते, पण शेडला मोठे पंखे त्यांनीच आणून लावले.

शुक्रवारी चर्चमध्ये मी मोबाइल खिशातून काढलाच नाही. आदल्या दिवशी झालं ते सांगितलं. ज्या येशूला मी तहानलेला म्हणून मंडळीसमोर उभा करणार होतो, तो माझ्या टेबलावर पाणी मागत होता आणि मी त्याला थांब म्हणालो, एवढं बोलून खाली बसलो. घरी येताना रूथ म्हणाली, "आज पहिल्यांदा तुम्ही थोडक्यात बोललात."

सुनंदाताई विश्रांती घेऊन कामावर आल्या. "तुमच्या चर्चात माझी गोष्ट सांगितलीत म्हणे. नाव घेतलंत काय?"

"नाही हो. कसं घेणार?"

"घ्यायचं ना! पडले मी, आणि नाव नाय!"

आता आमच्याकडे पाण्याच्या ब्रेकची घंटा वाजते. घंटा झाली की टोपी, ॲप्रन उतरवून सगळ्यात आधी मी बाहेर जातो आणि सगळ्यात शेवटी आत येतो. नियम बदलता येतो, पण बायका आत येताना माझं तोंड कसं होईल याचा मला अजून भरवसा नाही.