मामाची जादा रक्कम

जन्मभर ऐकत आले, बचत करा, बचत करा. शाळेत पोरांना मीही तेच शिकवते. आणि एक दिवस नंदुरबारच्या एका बँकेतल्या बाबूने मला समोरच्या खुर्चीत बसवलं, आवाज खाली आणला आणि सांगितलं, "मॅडम, तुमच्याकडून बचत जास्त झालीय."

मी म्हटलं, "माफ करा, पुन्हा नाही करणार." त्याला ते खरंच वाटलं. "ठीक आहे, पण आधीची परत घ्यावी लागेल," तो म्हणाला.

भानगड अशी होती. म्हातारपणासाठी मी पीपीएफ काढलाय. त्यात वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंतच पैसे भरता येतात, आणि मी एप्रिल लागला की ती काठोकाठ भरून मोकळी होते. माझी मुलगी अजून लहान, तिचंही एक खातं या दुसऱ्या बँकेत काढून ठेवलेलं, पालक म्हणून नाव माझं. मला वाटायचं, माणसं दोन, खाती दोन, तर मर्यादाही दोन. नियम म्हणतो, आई आणि तिची अज्ञान मुलगी मिळून मर्यादा एकच. तेवढ्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलीच्या मामाने तिच्या खात्यात चांगला घसघशीत चेक भरला. तो सगळाच्या सगळा जादा ठरला. जादा रक्कम परत जाते, वर व्याजही मिळत नाही.

आता हा मामा, म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर तापीकाठचं वावर त्याच्या एकट्याच्या नावावर व्हावं म्हणून मी हक्कसोडीवर सही करून दिली. आमच्याकडे बहिणींनी करायची असते, मी केली. तेव्हापासून तो माझ्या डोळ्याला डोळा देईना. गव्हाचं पोतं आणायचा, पपयांच्या पेट्या आणायचा, आणि मी गोड हसून म्हणायचे, "ऱ्हाऊ दे भाऊ, माले काय कमी शे?" पोतं आल्या गाडीने परत. शेवटी त्याला भाची सुचली. खानदेशात मामा भाचीच्या पाया पडतो. भाचीला दिलेलं परत घेतलं तर मामाला पाप लागतं, आणि तिच्या वतीने नाही म्हणायला आईसुद्धा धजत नाही. त्या चेकवर मी खरोखरच गप्प बसले होते. इतक्या वर्षांत त्याचं पहिल्यांदाच काहीतरी माझ्या घरात टिकलं होतं, आणि तेच आता बँक उचलून परत पाठवणार होती.

मी बाबूला म्हटलं, "माझे पैसे परत करा, मामाचे राहू द्या."

"तुमचे आमच्याकडे नाहीत ना, ते दुसऱ्या बँकेत. करसवलत कशावर घेतली?"

"माझ्या पैशांवर. मामाच्या नाही."

"झालं तर मग, ते हलवता येत नाहीत. आणि शेवटी आलेलं आधी जातं." काळीपिवळी जीपमध्ये दाराला लटकलेला माणूस आधी उतरतो, तसला हा हिशेब. मी माझ्या बँकेत गेले. तिथला साहेब म्हणाला, आमचं खातं स्वच्छ आहे, घाण त्यांच्याकडे आहे. घाण म्हणजे माझ्या भावाचे पैसे.

परत आले तर बाबूने नवीनच फाटा फोडला. चेक भावाचा, तेव्हा पैसेही भावाच्याच खात्यात जाणार आणि पोच म्हणून त्याची सही लागणार. मी भावाला फोन लावला. सगळं सांगितलं.

"भाचीले देयेल पैसा परत लेतस का कोनी?" तो ओरडला. "मी सही करनार नही!"

झालं. पैसे ना तिच्या खात्यात, ना त्याच्या. मधेच अधांतरी. बाबूचं तपासणी पथक डोक्यावर आलेलं, तो मला रोज फोन करायचा आणि मी भावाला. भाऊ फोन उचलायचा आणि पपईच्या भावावर बोलायचा. मी सहीचं नाव काढलं की त्याची विहिरीवरची मोटर जळालेली असायची. तेवढ्या मोटरी जळाल्या असत्या, तर गाव अंधारात बसलं असतं.

शेवटी बाबू रडकुंडीला आला. "मॅडम, मी स्वतः येतो." एका रविवारी बाबू, मी आणि मुलगी अशी आमची वरात गावी गेली. भाऊ आम्हाला बघून पपईच्या बागेत शिरला. साठीला आलेला माणूस झाडाआड उभा, आणि झाड त्याच्या निम्म्या रुंदीचं.

"काय करी ऱ्हायना भाऊ?" मी विचारलं.

"पानी देस," तो म्हणाला. नळी कोरडी होती.

बाबू कागद पुढे करून नियम सांगू लागला. भाऊ म्हणाला, "साहेब, तुमले भाची शे का?" बाबू थबकला. चेक भाचीला दिलेला होता, हे आत्ता त्याच्या डोक्यात शिरलं. त्याच्या दृष्टीने आतापर्यंत ती नुसती अनियमित ठेव होती. त्याने चपला काढल्या आणि मातीत वाकून माझ्या मुलीच्या पायाला हात लावला. "माय, माफ कर. नियम शे, मी काय करू?" मुलगी घाबरून माझ्यामागे लपली. मला हसू आवरेना.

भाऊ हसला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू तव्हय सही करी दिन्ही, आनि मी काहीच बोलनू नही. आते मी बी सही करी देऊ, म्हंजे तुन्हा घरमा मन्हं काहीच नही ऱ्हावाव."

माझं हसू तिथेच थांबलं. पोतं परत पाठवताना मला जे सलायचं, ते वावर गेल्याचं नव्हतंच. सहीच्या दिवशी तलाठ्यापासून चुलत्यापर्यंत सगळ्यांनी मला चहा विचारला होता, आणि तुला हवंय का, हे कोणीच विचारलं नव्हतं.

"सही कर," मी म्हटलं. "पैसा तुन्हाकडे येऊ दे. मंग भाचीले देऊ नको, माले दे. मन्हा हिस्सा म्हनीसन."

त्याने पेन हातात घेतलं, पण कागदाकडे बघेना. पपईचा चीक लागलेली बोटं तो लेंग्याला पुसत राहिला.

"बाई," तो म्हणाला, "तुले हिस्सा पाहिजे व्हता का?"

"व्हता."

मग त्याने सही केली. आणि बाबूसमोर, भाचीसमोर बांधावर बसून लहान पोरासारखा रडला.