बगळेकाकांचा दम

पोहण्याच्या तलावाच्या खोल टोकाशी एक उंच लोखंडी खुर्ची होती आणि तिच्यावर गेली एकवीस वर्षं एकच जीवरक्षक बसत होता. लांब मान, काटकुळे पाय, अर्धवट मिटलेले डोळे. मुलं त्यांना बगळेकाका म्हणत आणि तेही त्या हाकेला ओ देत.

एका आईला मात्र ते डोळे पाहून धडकी भरायची. तिची मुलगी आठ वर्षांची, नुकतीच खोल पाण्यात जायला लागलेली. आणि राखणदार हा असा पेंगतोय!

"अगं, बगळा झोपलेला वाटतो तेव्हाच मासा पकडतो," नवरा म्हणाला.

"थट्टा पुरे. एक तर त्यांना जागं करते, नाहीतर शनिवारी पोरीचं नाव काढून टाकते."

बाई बोलल्याप्रमाणे करणारी. कॉलेजात जीवशास्त्र शिकलेली, त्यामुळे पेशी, ऊर्जा हे शब्द तिच्या ओळखीचे. औषधांच्या दुकानातून तिने कोएन्झाइमच्या कॅप्सूलची बाटली घेतली. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'पेशींना ऊर्जा, मनाला तरतरी'.

"सगळ्यांनाच फरक जाणवतो असं नाही हं, ताई," दुकानदार म्हणाला. "कुणासाठी हवंय?"

"एका बगळ्यासाठी," ती बोलून गेली आणि ओशाळली.

दुसऱ्या दिवशी मुलगी पाण्यात उतरल्यावर ती खुर्चीखाली जाऊन उभी राहिली.

"काका, राग मानू नका, पण जरा बोलायचं होतं."

"बोला ना. फक्त तुमच्याकडे बघणार नाही. उद्धट समजू नका." नजर पाण्यावरच होती.

तिने बाटली वर धरली. "हे घेऊन बघा. डोकं तल्लख राहतं म्हणतात. थकवा जातो, दम वाढतो."

"दम वाढतो?" काका दचकलेच. "मग नको बाई! माझं सगळं कामच बिघडेल."

तिला काही उमगेना. काका हळू आवाजात सांगू लागले. "खोल टोकाला बारा-चौदा पोरं असतात. वरची डोकी मोजून काय करू? वर आहेत ती श्वास घेताहेत. मी खाली गेलेलं डोकं नजरेत धरतो. ते गेलं की मी श्वास रोखतो, ते आलं की सोडतो. माझा संपला आणि ते आलं नाही, की मी पाण्यात."

"आणि दोघं-तिघं एकदम गेली तर?"

"सगळ्यात आधी गेलं असेल त्याच्याबरोबर. तरुणपणी मी बंदरात बोटींचे तळ घासायचो. अडीच मिनिटं पाण्याखाली राहायचो. तोच दम घेऊन इथं बसलो. पहिल्याच वर्षी एक पोरगा बुडाला. मी काढला, वाचलाही, पण महिनाभर दवाखान्यात होता. माझ्या छातीत अजून हवा होती हो, ताई. त्याच्या नव्हती. तेव्हापासून अर्धाच श्वास भरायला लागलो. आता तर डॉक्टर म्हणतात, वयानं दम निम्म्यावर आलाय. मी म्हटलं, छान झालं, बरोबर पोराएवढा..."

वाक्य तिथेच तुटलं. आईने वर पाहिलं. काकांची छाती हलत नव्हती.

तिने गर्रकन पाण्याकडे वळून पाहिलं. हसणं, शिंतोडे, टोप्या, सगळं नेहमीसारखं. बोलण्याच्या नादात आपण इतका वेळ तलावाकडे पाठ करून उभ्या होतो, हे तिला तेव्हा कुठे कळलं. ती आपल्या पोरीची टोपी शोधतच होती, तेवढ्यात खुर्ची रिकामी झाली.

काका वर आले तेव्हा त्यांच्या हातात तिचीच मुलगी होती. ओठ निळसर, मान लुळी. काकांनी तिला काठावर घेऊन तोंडाने दोनदा हवा भरली. मुलगी खोकली, ओकली, रडली आणि भानावर येताच चिडली.

"काका, श्वास रोखायच्या शर्यतीत मी जिंकत होते! मैत्रीण माझ्याआधी वर गेली होती!"

"जिंकली असतीस गं," काका धापा टाकत म्हणाले, "पण बक्षीस घ्यायला कोण येणार होतं?"

त्यांनी शिट्टी फुंकून सगळ्यांना बाहेर काढलं, एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजलं. मग आईला म्हणाले, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. बरी दिसली तरी न्याच."

आईने पोरीला पोटाशी धरलं. श्वास फुफ्फुसात संपत नाही, तो पेशीपेशीपर्यंत पोचतो आणि तिथे ऊर्जा होतो, हे तिने परीक्षेत चार गुणांसाठी लिहिलं होतं. आणि हा माणूस एकवीस वर्षं, दिवसातून शेकडो वेळा, लोकांच्या पोरांसाठी तोच श्वास छातीत अडवून बसला होता. कुणाला पत्ता नव्हता. तिने तर त्याला झोप म्हटलं होतं.

शनिवारी डॉक्टरांनी पोरीला पुन्हा पाण्यात उतरायची परवानगी दिली. कार्यालयाच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "नाव काढायला आलात ना?"

"नाही," आई म्हणाली. "वेळ तेवढी बदलू नका. बगळेकाका असतात तीच राहू द्या."