मिक्सरच्या पोटात

मरोळच्या डांबर प्लांटवर आम्हाला मशीन चालवायला आणि दुरुस्त करायला शिकवणारे सर आधी स्वतःच हसायचे आणि विनोद मागाहून सांगायचे. बर्नर पेटताना ते त्याला वाकून "या साहेब" म्हणायचे. कपाळावर डांबराचा एक ठिपका कायम असायचा. हा माणूस काहीच सीरियसली घेत नाही, असं मला वाटायचं.

एके दिवशी खडी आणि डांबर कालवणाऱ्या मिक्सरची झिजलेली पाती बदलायची पाळी माझ्यावर आली. मिक्सर रात्रभरात थंड झाला होता. सरांनी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घातलं आणि चावी माझ्या हातात दिली.

"खिशात ठेव गं. आत तू जाणार, तर चावीही तुझ्याकडेच."

मी आत बसून नट सोडवत होते, तेवढ्यात बाहेर सुपरवायझर ओरडायला लागला. "सर, डंपर खोळंबलेत! चालू करा ना प्लांट!"

"चावी मिक्सरमध्ये आहे."

"मग दुसरी लावा!"

"दुसरी मी ठेवतच नाही. ती पोरगी बाहेर आली की चावी येईल."

"वाट लागेल ना माझी!"

"तुझी लागू दे रे, तिची नको," म्हणत सर खो खो हसले. आत मीही इतकी हसले की पाना हातातून सुटला आणि सगळा मिक्सर खणखणला.

काम संपवून मी काळीकुट्ट होऊन बाहेर आले, कुलूप काढलं. सर म्हणाले, "आता तूच चालू कर."

मी बटण दाबलं. मिक्सरची नवी पाती फिरायला लागली, पायाखालची लोखंडी जाळी थरथरली. वळून पाहिलं, तर सर सुपरवायझरचा हात धरून नाचत होते, आणि बिचारा सुपरवायझरही नाचत होता.