आत्याबाईंची शिदोरी

"सिनाइल डिमेन्शिया," नागपूरचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे म्हातारपणी मेंदू झिजतो. आधी ताजं विसरतं, मग जुनंही. औषध नाही. महाराष्ट्र होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आमच्या वरवट बकाल गावात याला म्हातारचळ म्हणायचे. मीही तेच म्हणायची.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जेवतच नव्हत्या. हाडं वर आली होती. ताट पुढे केलं की एकच, "घरचे वावरात उपाशी हायेत. त्याइच्या आंधी कशी जेवू?" घरचे म्हणजे मामंजी. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी रोज खरं सांगायची, त्या रोज नव्यानं रडायच्या. माझं तोंड फटकळ. एकदा म्हणाले, "एकाच मरनाले कितींदा रडता?" त्याची लाज अजून वाटते.

डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपीच्या बाईंकडे पाठवलं. नेसणं, जेवणं अशी रोजची कामं सुटू नयेत म्हणून कामातूनच केलेला उपचार, तो हा. दोन तास बाकावर बसल्यावर आमचा नंबर आला.

"मालक शेतात असताना या जेवायच्या आधी काय करायच्या?" बाईंनी विचारलं.

"भाकरी थापून शिदोरी बांधायच्या. गडी घेऊन गेला की जेवायच्या."

"आता कोण थापतं?"

"मीच. सून असून सासूले चुलीपाशी बसवलं त गाव नावं ठेवते."

"तेच काम त्यांना परत द्या. आणि खरंखोटं करत बसू नका."

नांदुऱ्याला गाडीतून उतरून एसटीत बसेपर्यंत मी धुसफुसत होते. भाकरी थापायचं शिकायला नागपूरला गेलो होतो का आम्ही?

तरी दुसऱ्या दिवशी परात पुढे ठेवली. पहिल्या दोन भाकरी मोडल्या. तिसरी गोल झाली. थापायच्या त्या, भाजायची मी. ठेचा ठेवून त्यांनी फडक्याची गाठ मारली. मी शिदोरी उचलून गोठ्यामागे गेले, थोडा वेळ बसले आणि येऊन म्हणाले, "पोचली." आत्याबाईंनी अख्खी भाकरी खाल्ली. मला रडू आवरेना.

तुमच्या घरी असं माणूस असेल तर माझी चूक करू नका. मान म्हणून त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका.

त्या बऱ्या झाल्या नाहीत. पुढे मला ओळखेनाशा झाल्या, 'बाई' म्हणायच्या. शिदोरी मात्र रोज बांधायच्या, आणि गोठ्यामागे ती मीच खायची. एक दिवस त्यांनी दोन बांधल्या.

"ही दुसरी कोनाची?"

"तुह्यी. रोज इतक्या दूर जातं बाई, तू बी त उपाशीच असशीन."

लग्नाला बारा वर्षं झाली होती. माझ्या भुकेची चौकशी त्या घरात पहिल्यांदाच झाली. एक शिदोरी मी पोचवून आले. दुसरी त्यांच्या शेजारी बसून खाल्ली.