सू-लानचं नाव

त्या दिवशी प्लास्टिकचा कचरा टाकायचा वार होता. सकाळी पिशवी घेऊन खाली उतरले आणि वेन-सानच्या लेकीचा, लिंगचा मेसेज आला : बाबा पहाटे गेले. शेजारच्या आजींनी नेहमीप्रमाणे वाकून नमस्कार केला, त्यांच्याकडे बघायचंही मला सुचलं नाही. याला आता सात आठवडे झाले. लिहायला एवढे दिवस लागले, कारण वेन-सानबद्दल लिहायचं तर एक गोष्ट कबूल करावी लागणार होती...

जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात मी वाइनच्या यीस्टवर संशोधन करते. वेन-सान निवृत्तीनंतर चीनमधून इथे लेकीकडे राहायला आले होते. वायव्य चीनमधल्या एका वायनरीत त्यांची सगळी हयात गेली होती. त्या मुलखातली ती पहिलीच वायनरी. दर मंगळवारी तीन वाजता ते आमच्या प्रयोगशाळेत यायचे. माझं माहेर दिंडोरीचं, घरची द्राक्षबाग, हे कळल्यावर माझ्याच टेबलापाशी बसू लागले. दोघांचीही जपानी मोडकीतोडकी, पण द्राक्षांवर बोलायला तेवढी पुरायची.

"कदम-सान, थंडीत तुम्ही वेलींचं काय करता?" त्यांनी एकदा विचारलं.

"काय करणार? तेव्हा तर घड भरत असतात."

"आम्ही पुरतो," ते म्हणाले आणि माझा चेहरा बघून हसत सुटले.

मग पुढचे कितीतरी मंगळवार ती हकिगत चालली. डोंगराच्या पायथ्याची रेताड जमीन, कधी द्राक्ष न पाहिलेली माणसं. पहिल्या हिवाळ्यात निम्म्याहून जास्त वेली गोठून मेल्या. बाग उपटून मका लावायचं ठरलं. तेव्हा वेन-सानची बायको सू-लान संचालकांच्या दारात जाऊन बसली. "एक वर्ष द्या," एवढंच म्हणत राहिली. त्या शरदात तिने वेली आडव्या केल्या, त्यांच्यावर गुडघाभर माती चढवली. आधी सगळे हसले, मग सगळेच फावडी घेऊन आले. वसंतात माती काढली तर वेलींवरचे डोळे हिरवे! पहिली वाइन लोणच्याच्या रांजणांत केली. ती आंबट म्हणून गावकरी साखर घालून प्यायचे. पुढे दगडी तळघर आलं, ओकची पिंपं आली, नजर पोचेल तिथवर वेली आल्या, पर्यटकांच्या बसगाड्या आल्या. सू-लान मात्र त्याआधीच गेली होती.

वायनरीने आपला इतिहास इंग्रजीत छापायचं ठरवलं, तेव्हा वेन-साननी माझं नाव सुचवलं. "बाकी काहीही लिहा," ते म्हणाले, "तिचं नाव तेवढं राहू दे. चिनी पुस्तकात ते नाही."

मी लिहिलं. मनापासून लिहिलं. मग कंपनीची मेल आली : वेली वाचवल्याचं श्रेय पहिल्या संचालकांना दिलं तर गोष्ट सुटसुटीत होईल, चालेल ना? माझा शोधनिबंध अडकला होता, मुलगा तापाने फणफणला होता. मी स्टेशनवर उभ्याउभ्याच उत्तर दिलं : ओके. गाडी आली, चढले. वेन-सानना विचारायला हवं होतं, हे गाडीतच लक्षात आलं होतं. तरी नाही विचारलं.

पुस्तक आलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून पान न् पान उलटलं. एका पानावर बराच वेळ थांबले. मग मिटून म्हणाले, "कागद छान आहे." त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, कळलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यानंतर आठ महिने ते येत राहिले. पूर्वीसारखेच बसायचे, चहा प्यायचे, माझ्या मुलाची चौकशी करायचे. मी यीस्टवर भरभरून बोलायची. पुस्तकाचा विषय निघणार असं वाटलं की उठून काचपात्रं धुवायला घ्यायची.

अंत्यविधीनंतर लिंगला भेटायला गेले आणि तिला सगळं सांगून टाकलं.

"बाबांना ठाऊक होतं," ती म्हणाली. "कंपनीने तुमचं उत्तर त्यांना आधीच पाठवलं होतं."

"रागावले नाहीत?"

"नाही. मी म्हटलं, जाऊन विचारा ना तिला. तर म्हणाले, ती स्वतः सांगेल. मला मंगळवारी जायचंच असतं."

मी कंपनीला पत्र लिहिलंय. अजून उत्तर नाही. मंगळवारी तीनला कुणी मीटिंग ठेवली, तर मी आजही नाही म्हणते. टेबलापाशी दुसरी खुर्ची ओढून ठेवते आणि चार वाजेपर्यंत तिथेच बसून राहते.