छापलंय तसं वाच

प्रिंटरमधून पान बाहेर आलं की ताई ते आधी खिडकीच्या उजेडात धरायच्या. मग जो कोणी जवळ असेल त्याच्या हातात देऊन म्हणायच्या, "वाच. मोठ्यानं. छापलंय तसं वाच."

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्या टेबलाजवळून जाताना आपण जरा भराभर पाय उचलतो. ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात ते माणूस म्हणजे ताई. पंचेचाळिशीच्या, कंत्राटावर घेतलेल्या, जवळच्याच तळवली गावच्या. डब्यात बहुतेक दिवस तांदळाची भाकरी आणि सुक्या मासळीचं काहीतरी. वास आला की कोणीतरी नाक मुरडायचं, आणि थोड्या वेळाने तोच माणूस तुकडा मागायला यायचा.

आमचं काम सांगायला सोपं होतं. एका हॉस्पिटलकडून घरी सोडायच्या पेशंटची माहिती यायची. कोणती गोळी, किती वेळा, कशी घ्यायची. ती एक्सएमएल फाइलमध्ये असायची, म्हणजे प्रत्येक गोष्टीला तिच्या नावाची चिठ्ठी लावलेली. आमचा जावा भाषेत लिहिलेला प्रोग्राम ती उचलायचा, पानावर मांडायचा आणि पीडीएफ करून परत पाठवायचा. त्याचा कागद हातात घेऊन पेशंट घरी जायचा.

पहिल्याच महिन्यात पीडीएफमधली सगळी मराठी गायब झाली. अक्षराच्या जागी जाळीसारखी खूण, ओळीमागून ओळ. मी दोन दिवस प्रोग्राम उसवत बसलो होतो. ताईंनी एक्सएमएल साध्या एडिटरमध्ये उघडली. तिथे मराठी व्यवस्थित होती.

"इथपर्यंत ठीक आहे. म्हणजे पुढे हरवतंय," त्या म्हणाल्या. मग सापडलं. सर्व्हरवर मराठी फॉन्टच नव्हता.

"पण ताई, माझ्या मशीनवर चालतंय."

"मग पेशंटला तुझ्या मशीनवर पाठवायचं का?"

फॉन्ट घातला, तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसायला लागली. मी पान वाचलं, "दिवसातून दोन वेळा."

"परत वाच. छापलंय तसं."

मी परत तेच वाचलं. त्यांनी बोट ठेवलं तेव्हा कुठे दिसलं, 'दविसातून'. सगळा मजला हसला. ताई हसल्या नाहीत. "तुला माहीत आहे म्हणून तू बरोबर वाचलंस. पेशंटला नाय माहीत." काही मनाला लागलं की त्यांच्या बोलण्यात गाव यायचं.

नंतर मॅनेजर सरांचा हट्ट सुरू झाला की सगळी औषधं एकाच पानावर मावली पाहिजेत. ताई त्या आठवड्यात रजेवर होत्या. मी तक्त्यातल्या प्रत्येक चौकटीची उंची बांधून टाकली आणि बाहेर जाईल तो मजकूर लपवायला सांगितलं. पान देखणं झालं. प्रोग्राम चालताना मजकूर मावत नसल्याच्या वॉर्निंगची रांग लागायची, ती मी बंद केली. एरर नव्हतीच, नुसत्या वॉर्निंग.

ताई परत आल्या त्या दुपारी त्यांनी नेहमीप्रमाणे पान माझ्या हातात दिलं. मी शहाण्यासारखं छापलंय तसं वाचलं, "रिकाम्या पोटी घ्यायची."

"थांब." त्यांनी एक्सएमएल उघडली होती. तिथे होतं, 'रिकाम्या पोटी घ्यायची नाही.'

मराठीत 'नाही' शेवटी येतं. ते खालच्या ओळीवर गेलं होतं, आणि खालची ओळ मी लपवली होती.

मीटिंगमध्ये सर म्हणाले, "दुरुस्त करा, नवीन व्हर्जन टाका. विषय संपला."

"आणि गेलेले कागद?" ताईंनी विचारलं.

"डॉक्टरांनी तोंडी सांगितलं असेल ना."

"असेल म्हनजे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या कडेकडे पाहत राहिलो. ताईंनी तिथेच मोबाइल काढून हॉस्पिटलला फोन लावला. "आमच्याकडून चूक झालीय," त्या म्हणाल्या. माझं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही, नंतरच्या मेलमध्येही नाही.

हॉस्पिटलच्या नर्सने एकेका पेशंटला फोन केले. सगळे लागले, दिघ्याचे एक आजोबा सोडून. त्यांच्याकडे उद्या दुपारी माणूस पाठवतो, असं नर्स म्हणाली.

"उद्या सकाळी ते अजून एक गोळी घेतील," ताई म्हणाल्या. "मी इथे ऐरोलीतच आहे, दिघा जवळच. पत्ता द्या." नर्सने दिला.

मीही रिक्षात बसलो. दिघ्याच्या गल्लीत शेवटची खोली. आजोबा पोटाशी उशी धरून बसले होते. ताईंनी कोण, कुठून आलो ते सांगितलं. सुनेने कॅलेंडरमागून कागद काढला. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला, प्रत्येक दिवसाची पेनाने बरोबरची खूण केलेली.

"लिवलंय तसंच देते रोज. पोटात आग पडती म्हणतात, मला वाटलं औषध हाय, लागंल थोडं." मग तिचा चेहरा उतरला. "माझं चुकलं का वो?"

"नाय गो. तू बरोबर वाचलंस. कागद चुकला."

"तो कागद मी बनवला," मी म्हणालो. इथे कोणी विचारलंही नव्हतं.

आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आता बरोबर करून आणलास का?"

"हो."

"मग बस. उभा कशाला?"

ताईंनी नर्सला फोन जोडून सुनेच्या हातात दिला. नर्सच्या सांगण्यावरून आजोबांना त्याच संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये नेलं. चार दिवसांनी ते घरी आले.

त्यानंतर ताईंचं कंत्राट वाढवलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही, मीसुद्धा नाही. माझी नोकरी चालू राहिली.

शेवटच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर खाली उतरलो. "ताई, त्या दिवशी सरांसमोर मी बोलायला हवं होतं."

त्या 'जाऊ दे' म्हणतील असं मला वाटलं होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "बोलायला हवं होतंस." आवाजात राग नव्हता. माझ्या दंडावर त्यांनी हलकेच थोपटलं आणि निघाल्या.

ठाणे-बेलापूर रस्त्याला संध्याकाळी ट्रकांची रीघ लागलेली असते. ताईंनी हात वर केला आणि चालायला लागल्या, आपल्या बांधावरून चालावं तशा, घाई न करता. एक मोठा ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी ओरडला. त्यांनी त्याच्याकडे मान डोलावली, हात तसाच वर ठेवला आणि पलीकडे गेल्या.